खलाची ऊब

उदगीरला चौबाऱ्याजवळ सिद्रामप्पा हुडग्यांचं काष्ठौषधीचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. हिरडा, बेहडा, सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध, मागाल ते मिळेल. फक्त गप्प बसलेले सिद्रामप्पा मिळायचे नाहीत. गिऱ्हाईक खोकल्याचं चाटण घ्यायला यायचं आणि अर्धा तास दगडाची कहाणी ऐकून जायचं.

दगड म्हणजे त्यांचा खल. वीतभर लांब, होडीसारखा, काळाकुट्ट. त्यांच्या वडलांनी हैदराबादेतून आणलेला. "हात लावून बगा," सिद्रामप्पा सकाळी सकाळी गिऱ्हाइकाला म्हणायचे. "कोमट हाय का न्हाई? साधा दगड थंडगार ऱ्हातो. ह्या दगडाला आंगची ऊब हाय. म्हणून तर आपल्या चाटणाला सालभर बुरशी धरत न्हाई." गिऱ्हाईक हात लावायचं. खल खरंच कोमट लागायचा. मग चाटणाची डबी उचलायचं आणि चालू लागायचं.

असा हा खल सिद्रामप्पांनी मे महिन्यात लेकीला देऊन टाकला. अख्ख्या गल्लीला नवल वाटलं, कारण हा माणूस तो खल कुणाला नीट धरूही द्यायचा नाही. पण लेकीपुढं भल्याभल्यांचं चालत नाही. अक्षरा नांदेडला एका कॉलेजात रसायनशास्त्राची पीएच.डी. करत होती. कसलीशी भुकटी घोटायची, आणि ती दिव्याखाली धरली की चमकते म्हणे. प्रयोगशाळेतला अकीक दगडाचा खल एप्रिलात तडकला, नवा मागवलेला काही येईना. तिनं फोनवर हे नुसतं सांगितलं, मागितलं काहीच नाही. तिसऱ्या दिवशी अप्पा नांदेडच्या बसस्टँडवर खल छातीशी धरून हजर.

देताना एक अट घातली. "पारोशा खलात घोटायचं न्हाई. रोज सकाळी त्याला पाण्यानं आंघोळ घालायची, फडक्यानं पुसायचा, बाहेरच्या अंगाला विभूतीची तीन बोटं वढायची, मंग काम. आपल्या घरची रीत हाय."

"हो अप्पा," अक्षरा म्हणाली. ती शब्दाची पक्की होती. बापावर गेलेली.

उदगीरला सिद्रामप्पांनी दुकानासाठी दुसरा खल आणला. अन् काय आश्चर्य, आठ दिवसांत तोही सकाळी कोमट लागायला लागला! मग तर काय, कहाणीला नवी शेपटी फुटली. "दगडात तर व्हतीच," ते सांगू लागले, "आता माझ्या हातातबी उतरली." पडद्याआड त्यांची बायको मल्लम्मा भाकरी थापायची आणि ऐकायची.

श्रावणातल्या एका सोमवारी अक्षराचा फोन आला. मल्लम्मा पाच मिनिटं बोलली, फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "पोरगी रडून राहिली."

"तुला कसं कळलं? काय म्हणली?"

"सगळं ठीक हाय म्हणली. तीनदा म्हणली. ठीक असणारं माणूस एकदाच म्हणतं. तुमी जाऊन या."

बुधवारी पहाटेच्या एसटीनं सिद्रामप्पा निघाले. मांडीवर धपाट्यांचा डबा, पिशवीत शेंगदाण्याची चटणी, आणि डोक्यात नाही नाही ते विचार. कुणी बोललं असेल का? आजारी असेल का? मुखेड गेलं, कंधार गेलं, तरी मनाची घालमेल काही थांबेना.

प्रयोगशाळेच्या दारात अक्षरा दिसली ती पांढऱ्या कोटात, डोळे सुजलेले. अप्पांना बघून हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

"निळं येईना, अप्पा," ती म्हणाली.

सिद्रामप्पांना हायसं वाटलं. निळंच येत नाही ना? मग येईल की! पण तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी नुसता धपाट्यांचा डबा पुढं केला.

तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक आरती मॅडम आल्या. सिद्रामप्पांनी सवयीनं हात जोडून "शरणार्थ" केलं. मॅडम माणूस मायाळू, पण बोलायला स्पष्ट. म्हणाल्या, "अप्पा, तुमची लेक हुशार आहे. मे महिन्यात तिनं जी भुकटी केली तशी निळी आमच्याकडे कुणी केली नव्हती. पण एकदा आलेलं दुसऱ्यांदा येत नाही, तोवर तो योगायोगच म्हणायचा. शुक्रवारी मी हैदराबादला जातेय, तिथल्या मशीनवर उजेड मोजून मिळतो. तोवर दुसरी बॅच निळी झाली तर नेईन. नाही झाली तर हे प्रकरण प्रबंधातून काढून टाकायचं. दोन वर्षांचं काम आहे, मलाही बरं वाटत नाहीये."

मॅडम गेल्यावर अक्षरानं अप्पांना एका काळ्या रंगवलेल्या खोक्यापाशी नेलं. वरच्या अंगाला बघायला काचेची खिडकी, आत एक छोटा दिवा. तिनं मे महिन्यातली बाटली आत ठेवली. बाटलीत साधी पांढरी भुकटी, मिठासारखी. दिवा लावला आणि सिद्रामप्पांच्या तोंडून आपोआप "अगं माय!" निघालं. भुकटी गोकर्णीच्या फुलासारखी निळी पेटली होती. ना धूर, ना धग, नुसता उजेड.

"हा दिवा जो प्रकाश टाकतो तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही," अक्षरा सांगू लागली. बोलायला लागली की तिचा चेहरा जरा खुलायचा. "भुकटी तो गिळते. गिळला की आतली कणांची जाळी जराशी वाकते, शक्ती त्या वाकलेल्या जागी अडकून बसते, आणि सुटताना निळी होऊन सुटते. एक्स-रेच्या पडद्याला हे कामाला येईल. लोक शिसं घालून करतात, आम्ही तांब्यावर करतोय. शिसं नाही, विषाची भीती कमी."

"शिसं नको गं बाई," सिद्रामप्पा घाईनं म्हणाले. "आन् बनवती कशी?"

"दोन क्षार. एक सिझियमचा, एक तांब्याचा. तीन भाग तो, दोन भाग हा. खलात घोटायचे, बास. भट्टी नको, काही नको."

सिद्रामप्पांना हे फार आवडलं. तीन भाग, दोन भाग, घोटा. ही तर त्यांचीच भाषा! पीएच.डी. म्हणजे काहीतरी भलतंच असेल असं त्यांना इतके दिवस वाटत होतं.

मग तिनं जूनपासूनच्या बाटल्या काढल्या. एक, दोन, तीन... अकरा. एकेक खोक्यात ठेवली. एकेक पिवळी पेटली. पिवळाही तसा वाईट दिसत नव्हता, पण लेक त्याच्याकडे नासलेल्या दुधाकडे बघावं तशी बघत होती.

"पिवळं म्हणजे वेगळंच झालं, अप्पा. त्यात सिझियमचा क्षार एकच भाग उरतो. दोन भाग कुठं जातात कळत नाही. पाण्यानं तसं होतं, तो क्षार पाण्यात चटकन विरघळतो. पण पाणी येणार कुठून? क्षार ओव्हनमध्ये वाळवते, बाटल्या बंद ठेवते, नवे क्षार मागवून बघितले. सगळं वहीत आहे. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना."

"घोटण्यात कसूर असंल," सिद्रामप्पा बाह्या सारत म्हणाले. "आण तो खल. आज मी घोटतो."

आता चौतीस वर्षं घोटलेल्या माणसाला कोण नाही म्हणणार? अक्षरानं अप्पांना हातमोजे दिले, तोंडाला मास्क बांधला. मग तिनं कपाटातून खल काढला, नळाखाली धरून त्याला आंघोळ घातली, फडक्यानं कोरडा पुसला आणि बाहेरच्या अंगाला विभूतीची तीन बोटं ओढली. अगदी सांगितल्याप्रमाणं. सिद्रामप्पांना भरून आलं. एवढी शिकलेली पोरगी, पण बापाचा शब्द खाली पडू दिला नाही.

त्यांनी खल दोन्ही हातांत घेतला आणि थबकले. खल गार होता. मोज्यातूनसुद्धा गार. चौतीस वर्षांत असा कधी लागला नव्हता.

'नांदेडची हवा मानवली न्हाई याला,' असं मनाशी म्हणून ते घोटायला बसले. तासभर घोटलं. एका लयीत, कान देऊन. घोटणाऱ्याचं अर्धं ध्यान कानात असतं. माल नीट होत आला की बत्त्याचा आवाज हलका होतो. आज तो हलका होईनाच. भुकटी कडेला चिकटायची, बत्ता जड सरकायचा. तरी त्यांनी हार मानली नाही. शेवटी अक्षरानं भुकटी खोक्यात ठेवली, दिवा लावला.

पिवळी. बारावी.

"असू द्या अप्पा," अक्षरा म्हणाली. "तुम्ही दमलात. धपाटं खाऊ चला."

लेकच आपली समजूत घालतेय हे बघून सिद्रामप्पांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. "आलो," असं पुटपुटून ते बाहेर व्हरांड्यात आले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"मल्लम्मा, खल मेला गं."

"काय झालं त्याला? फुटला?"

"फुटला न्हाई. ऊब गेली त्याची. थंडगार पडलाय. पोरीचं कामबी त्याच्यापायीच नासून राहिलं असंल. बापाची चीज, आन् माझ्या हातानं..."

पलीकडे मल्लम्मा हसायला लागली. अशी हसली की सिद्रामप्पांना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"आवं, ऊब कुठनं असणार? तिथं तवा हाय का?"

"तवा? कसला तवा?"

"भाकरीचा! रोज पहाटे खल धुतला की न्याहारीच्या भाकरी झाल्यावर गॅस बंद करायचा आन् तव्यावर त्याला पालथा घालायचा. तुमी दुकान उघडायच्या आत परत जाग्यावर. आधी चुलीच्या कडेला ठेवत व्हते, गॅस आला तवा तव्यावर. उन्हाळ्यात नुसतं ऊन दाखवलं तरी भागतं. तो काळा दगड पाणी पितो. पुसून काय व्हतं? वरनं कोरडा, आतनं वला."

सिद्रामप्पा व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"लगीन होऊन आले त्या साली पावसाळ्यात तुमच्या दोन बरण्यांना बुरशी आली व्हती. मामंजी तुमाला लई बोलले, तुमी दोन दिस जेवला न्हाई. तवापासून."

"आन् नवा खल?"

"तोबी तव्यावरच. दोघांत काय दुजाभाव करायचा!"

"मंग सांगितलं कामून न्हाई मला?" सिद्रामप्पांचा आवाज चढला. राग होता की लाज, त्यांनाच कळलं नाही.

"कवा सांगू? तुमी गिऱ्हाइकाला दगडाची गोष्ट इतकी रंगवून सांगायचा. पडद्याआड बसून ऐकायला मजा यायची मला. आता आपल्याच नवऱ्याची गोष्ट आपणच मोडायची का?" मग तिचा आवाज बदलला. "पर पोरीला न्हाई सांगितलं ते चुकलं माझं. खल तिकडं गेला तवाच सांगाया पायजे व्हतं. तुमी रीत सांगितली असंल, तेवढ्यानं भागंल म्हणून मी गप ऱ्हायले."

रीत सांगितली असंल! सिद्रामप्पांनी सांगितली होती की. आंघोळ सांगितली, पुसणं सांगितलं, विभूती सांगितली. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं होतं. मे महिन्यात खल उदगीरहून कडकडीत वाळून आला होता, नांदेडचं ऊन रणरणत होतं, म्हणून पहिला घाणा निळा साधला. पुढं पाऊस लागला आणि त्यांच्या रीतीनं लेकीचे अकरा घाणे बुडवले.

ते उठले. दारापर्यंत गेले. आता खरं सांगायचं तर एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला. आत जायचं आणि ऐटीत म्हणायचं, 'खल भट्टीत ठेव, बघ काय होतंय.' निळं आलं तर वाहवा आपली. रीतही शाबूत, गोष्टही शाबूत. कुणाला कळणार होतं? पण आत अक्षरा त्या बारा बाटल्या एका ओळीत मांडून बसली होती. प्रत्येकीवर तारीख तिच्या बारीक अक्षरात लिहिलेली. सिद्रामप्पांना स्वतःचीच शरम वाटली.

"अक्षरा," ते म्हणाले, "तुझं काम मी नासवलं, माय." आणि त्यांनी तवा, चूल, बुरशी, वडलांची बोलणी, सगळं सांगून टाकलं. काही म्हणता काही ठेवलं नाही.

अक्षरा आ वासून ऐकत राहिली. मग तिनं टेबलावरची जाड वही ओढली आणि भराभर पानं उलटली. वजन, वेळ, तापमान, हवेतली आर्द्रता, क्षाराच्या बाटलीचा नंबर. सगळं होतं. खलाची आंघोळ कुठंच नव्हती.

"काखेत कळसा!" तिनं कपाळावर हात मारला. "अप्पा, मी लिहिलंच नाही हो! मला ते काम वाटलंच नाही. ती आपली रीत. ती कोण वहीत लिहितं?"

आरती मॅडमना हे कळल्यावर त्या आधी चिडल्या. वहीत नसलेली गोष्ट प्रयोगशाळेत घडलीच कशी, यावर दहा मिनिटं बोलल्या. अक्षरा मान खाली घालून उभी, सिद्रामप्पाही तिच्या शेजारी मान खाली घालून उभे. ते दोघं असे शाळेतल्या पोरांसारखे उभे बघून मॅडमना हसू आवरेना. "ठेवा तो ओव्हनमध्ये," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत. आणि बत्तासुद्धा."

सिद्रामप्पा त्या दिवशी परत गेले नाहीत. वजिराबादला मावसभावाकडे राहिले आणि गुरुवारी सकाळी कॉलेज उघडायच्या आधीच फाटकाशी येऊन उभे राहिले.

अक्षरानं ओव्हन उघडलं, खल जरा निवू दिला आणि अप्पांच्या हातात दिला. या वेळी त्यांनी मोजे घातले नव्हते.

खल कोमट होता. तीच ऊब. रोज सकाळी दुकान उघडल्यावर तळव्यांना लागणारी, ज्या उबेची त्यांनी हजार जणांना कहाणी सांगितली होती ती. सिद्रामप्पा खल धरून तसेच उभे राहिले. त्यांना मल्लम्माची फार आठवण आली. काल पहाटेच तर घरातून निघाले होते; पण आली. चौतीस वर्षं ती बाई त्यांच्या आधी उठत होती, आणि त्यांना वाटत होतं दगडाला गुण आहे.

"अप्पा, द्या," अक्षरा हळूच म्हणाली.

"तूच घोट," ते म्हणाले. "मी आवाज ऐकतो."

ती घोटू लागली. पहिली दहा मिनिटं सिद्रामप्पा डोळे मिटून बसले होते. अर्ध्या तासानं बत्त्याचा आवाज हलका झाला, कोरडा, सरसरीत. भुकटी कडेला धरेना, मधोमध गोळा होऊ लागली. सिद्रामप्पांनी डोळे उघडले आणि लगेच पुन्हा मिटले. उगाच दृष्ट लागायला नको.

मॅडम आल्या. अक्षरानं बाटली खोक्यात ठेवली. दिव्याच्या बटणावर बोट ठेवून ती थांबली, आणि अप्पांनी मान हलवल्यावर तिनं ते दाबलं.

निळं! मे महिन्यातल्यापेक्षाही लख्ख. अक्षरानं अप्पांना मोज्यांसकट, कोटासकट घट्ट मिठी मारली आणि मॅडमसमोर हमसून रडली. सिद्रामप्पाही रडले. मॅडम काचेतून बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "शुक्रवारी दोन्ही बाटल्या नेते. मे महिन्यातली आणि ही."

अक्षरानं लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खोक्याच्या खिडकीपाशी धरला. "अव्वा, बघ!"

"निळं हाय की गं!" मल्लम्मा म्हणाली. निरखून निरखून बघितलं तिनं. "लई गोड दिसतंय. धपाटे खाल्ले का दोघांनी?"

अक्षरानं वही उघडली आणि नव्या पानावर लिहिलं: 'खल पाण्याने धुणे. बाहेरून विभूती लावणे. त्यानंतर रात्रभर ओव्हनमध्ये वाळवणे.' मग पुढं लिहिलं: 'वाळवण्याची पद्धत: मल्लम्मा सिद्रामप्पा हुडगे, उदगीर.' मॅडमनी ते वाचलं, काही खोडलं नाही, खाली सही केली.

शनिवारी सकाळी सिद्रामप्पांनी नेहमीप्रमाणे दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक देगलूरकडचं, नवखं. सुंठीची पुडी बांधेपर्यंत त्याचा हात सहज खलाला लागला.

"अप्पा, ह्यो दगूड कोमट कसा काय?"

चौतीस वर्षांची सवय. दगडाची कहाणी पार ओठांपर्यंत आली होती. सिद्रामप्पांनी ती गिळली.

"आमची मल्लम्मा रोज पहाटे तव्यावर शेकून देती," ते म्हणाले. "मला परवाच कळलं."

पडद्याआड भाकरी थापायचा आवाज थांबला.

"जरा मोठ्यानं सांगा की," आतून मल्लम्मा म्हणाली. "इतकी वरसं दगडाचं कसं मोठ्यानं सांगत व्हता!"

आणि सिद्रामप्पांनी चौबाऱ्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते पुन्हा सांगितलं.